सिलोनच्या ब्रिटिशकालीन नोटा: ओळख, पारख, खरेदी आणि जतन

सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, ब्रिटिशकालीन नोटा भारतीय संग्राहकाला जवळच्या वाटाव्यात अशा आहेत. चलन रुपयाच, राजा तोच, आणि १९४१पासूनची मालिका तर भारतातच छापून घेतली गेली. त्या काळी नोटा छापणारा आपला सरकारी छापखाना एकच होता, १९२८ साली सुरू झालेला नाशिकरोडचा. तरीही मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत या नोटा बहुतेक वेळा ‘परदेशी’ म्हणून एकाच खोक्यात टाकलेल्या सापडतात, आणि विकणाऱ्यालाही त्यांच्यातला फरक नेहमी ठाऊक असतोच असं नाही. ज्याला फरक कळतो त्याच्यासाठी हा फायद्याचा प्रांत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे. दमट हवेच्या बेटावर ऐंशी वर्षं काढलेल्या कागदावर काळाची खूण असणारच. थोडा पिवळसरपणा, एखादा तपकिरी ठिपका, मधली घडी हे सगळं स्वाभाविक आहे. संशय घ्यायचा तो अतिस्वच्छ, इस्त्री केल्यासारख्या सपाट नोटेचा. या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नुकसान बनावट नोटांमुळे होत नाही, धुतलेल्या आणि दाबलेल्या नोटांमुळे होतं.

आधी हद्द ठरवा

सिलोनमध्ये भारतीय रुपया १८६९ साली अधिकृत झाला आणि १८७२पासून त्याचे शंभर सेंट झाले. आणे-पै तिथे नव्हते, म्हणून छोट्या नोटांवर ‘सेंट’ दिसतात. सुरुवातीला नोटा खासगी बँकांच्या होत्या. त्यातली सर्वांत मोठी ओरिएंटल बँक कॉर्पोरेशन. कॉफीच्या मळ्यांवर तांबेरा पडला, कर्जं बुडाली आणि मे १८८४मध्ये ही बँक कोसळली. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी तिच्या नोटांना सरकारी हमी दिली, त्याच वर्षी कागदी चलनाचा कायदा झाला आणि १८८५पासून ‘गव्हर्नमेंट ऑफ सिलोन’च्या नोटा सुरू झाल्या.

संग्राहकाच्या सोयीसाठी याचे चार टप्पे करा.

पहिला टप्पा खासगी बँकांच्या नोटांचा. बाजारात येतात त्या बहुधा रद्द केलेल्या किंवा नमुना प्रती. नवख्याने याकडे सध्या फक्त बघावं.

दुसरा १८८५ ते १९४०. ५, १०, ५०, १०० आणि १००० रुपये, पुढे १९१७मध्ये १ आणि २ रुपये. पहिल्या महायुद्धात चांदी महागली म्हणून भारताने एक रुपयाची नोट काढली, त्याच सुमारास त्याच कारणाने सिलोननेही काढली. या टप्प्यातल्या चांगल्या प्रती महाग असतात. १ आणि २ रुपयांच्या झिजलेल्या नोटा मात्र संयम ठेवला तर मिळतात.

तिसरा टप्पा १ फेब्रुवारी १९४१ या तारखेपासून १९४९पर्यंतचा, सहाव्या जॉर्जच्या चित्राचा. सुरुवात इथूनच करा. एक रुपयाच्या मागे हत्ती, दोनच्या मागे सिगिरियाचा खडक, पाचच्या मागे अनुराधपूरचा थूपाराम स्तूप आणि दहाच्या मागे कँडीचं दंतमंदिर. नोटा पुरेशा संख्येने उपलब्ध आहेत, तारखा अनेक आहेत आणि अभ्यासाला भरपूर वाव आहे.

चौथा टप्पा काटेकोरपणे बोलायचं तर वसाहतीचा नव्हे, कारण ४ फेब्रुवारी १९४८ला सिलोन स्वतंत्र झालं. पण देश डोमिनियन राहिला, राजा राहिला. सेंट्रल बँक ऑफ सिलोन २८ ऑगस्ट १९५०ला सुरू झाली. तिच्या पहिल्या नोटा, १ आणि १० रुपये, २० जानेवारी १९५१ तारखेच्या, त्यावर अजून सहावा जॉर्जच आहे. ३ जून १९५२पासून राणी एलिझाबेथ आली आणि १९५६च्या नव्या मालिकेत तीही गेली. बहुतेक संग्राहक आपला संग्रह १९५४च्या राणीवर थांबवतात आणि ती हद्द आम्हाला योग्य वाटते.

५० आणि १०० रुपयांबद्दल एक इशारा. १९७०मध्ये अर्थमंत्री एन. एम. परेरा यांनी या दोन मूल्यांच्या नोटा रद्द केल्या आणि लोकांना त्या बँकेत भराव्या लागल्या. मोठ्या मूल्याच्या नोटा लोक तशाही घरात क्वचित ठेवतात, त्यात ही भर. त्यामुळे या नोटा स्वस्तात दिसल्या तर आनंदाआधी भिंग काढा.

नोट वाचायची कशी

प्रत्येक नोटेवरून पाच गोष्टी टिपा: नोट काढणारी संस्था (सरकार की सेंट्रल बँक), मूल्य, छापील तारीख, सह्या, आणि क्रमांक त्याच्या आद्याक्षरांसह. भारतीय नोटेवर गव्हर्नरच्या सहीवरून काळ ठरवायची आपल्याला सवय असते. सिलोनच्या नोटेवर पूर्ण तारीखच छापलेली असते, म्हणून एकाच रचनेच्या नोटांत तारखेनुसार किंमत कितीतरी बदलते. विक्रेत्याने ‘सिलोन १ रुपया, जॉर्ज सहावा’ एवढंच लिहिलं असेल तर ते वर्णन अपुरं समजा आणि तारीख विचारा. सह्या जोडीने असतात. तारीख आणि सह्यांची जोडी नोटांच्या छापील यादीशी (कॅटलॉगशी) जुळत नसेल तर काहीतरी गडबड आहे.

जगभरात या नोटा ‘पिक’ क्रमांकाने, म्हणजे अल्बर्ट पिक यांच्या जागतिक नोटांच्या कॅटलॉगमधल्या क्रमांकाने, ओळखल्या जातात. क्रमांकापुढचं छोटं इंग्रजी अक्षर तारखेचा किंवा सहीचा उपप्रकार सांगतं. लिलावात बोली लावताना ते अक्षरही तपासा. महागड्या उपप्रकाराचं अक्षर साध्या नोटेला लावलेलं आढळतं, कधी चुकून, कधी जाणूनबुजून.

१९४२च्या सेंटच्या नोटा

या बेटाच्या चलनातला आमच्या मते सर्वांत रसाळ भाग हाच. एप्रिल १९४२मध्ये जपानी विमानांनी आधी कोलंबोवर आणि मग त्रिंकोमालीवर हल्ले केले. धातू युद्धाकडे वळला होता आणि सुट्ट्या पैशांची चणचण होती. सरकारने ५, १०, २५ आणि ५० सेंटच्या छोट्या नोटा काढल्या.

त्यातली १ जून १९४२ तारखेची ५ सेंटची नोट जगावेगळी आहे. ती २ सेंट आणि ३ सेंट अशा दोन भागांची असून मध्ये तिकिटांसारखी छिद्रांची ओळ आहे. पाच सेंट द्यायचे तर अख्खी द्या, दोन द्यायचे तर फाडून द्या. म्हणून अखंड नोट आणि सुटे भाग अशा दोन्ही रूपांत ती सापडते, आणि किंमत अखंड नोटेला असते.

इथेच फसवणूक होते. वेगवेगळ्या नोटांचे दोन सुटे भाग डिंकाने जोडून अखंड म्हणून विकता येतात. तपासणी अशी करा:

१. नोट उजेडाच्या पाटीवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या सपाट पाटीवर, ठेवा. छिद्रांच्या ओळीत प्रत्येक दोन छिद्रांमधला कागदाचा पूल सलग दिसला पाहिजे. जोडलेल्या नोटेत तिथे काळसर रेघ किंवा कागदाची दुहेरी जाडी दिसते.

२. दहापट भिंगातून पुलावरचे धागे पाहा. ते एका भागातून दुसऱ्यात गेलेले असले पाहिजेत.

३. दोन्ही भागांची छपाई, रंगाची फिकटता आणि कागदाचा पिवळेपणा सारखा आहे का? एक भाग खिशात फिरलेला आणि दुसरा कोरा, असं एका नोटेत होत नाही.

४. अतिनील टॉर्चखाली ओळीच्या बाजूने चमकणारे ठिपके किंवा पट्टा दिसला तर डिंक किंवा चिकटपट्टी वापरली आहे.

छिद्रांची ओळ हा या नोटेचा सर्वांत नाजूक भाग. ती तिथे कधीही दुमडून पाहू नका. पाकिटात घालताना खाली जाड कार्डाची पट्टी धरून सरकवा.

हत्यारं

फार लागत नाहीत. दहापट भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च (३९५चा स्वस्त टॉर्च जांभळा उजेडच जास्त फेकतो, त्यात चमक नीट कळत नाही), चित्रकलेसाठी मिळते ती पातळ एलईडी पाटी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, आणि टोकं चपटी असलेला तिकिटांचा चिमटा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. रबराचे पातळ हातमोजे चालतील, सुती नकोत, कारण त्यांच्या धाग्यांत फाटलेली कड अडकते.

सर्वांत उपयोगी हत्यार मात्र वेगळंच आहे: त्याच मालिकेची एक स्वस्त, झिजलेली पण निःसंशय खरी नोट. एक रुपयाची अशी नोट आधी घ्या. कागद, शाईची छटा, अक्षरांची धार, आकार हे सगळं पुढे तिच्याशी ताडून पाहता येतं.

पारख: उजेडाच्या क्रमाने

आधी साधा उजेड. रंग, मार्जिन, कोपरे पाहा. चारही मार्जिन मोजा आणि नोटेची लांबी-रुंदी खात्रीच्या नोटेशी ताडा. छपाई जराशी सरकणं त्या काळात सामान्य होतं, म्हणून मार्जिन असमान असलं तरी चालतं. पण नोटेचं एकूण माप मिलिमीटरभर कमी आणि कडा नव्या ब्लेडने कापल्यासारख्या असतील, तर कुरतडलेली कड छाटली आहे.

मग तिरपा उजेड. खोलीत अंधार करा आणि टॉर्च टेबलाच्या पातळीवर धरून उजेड नोटेवरून सरपटत जाऊ द्या. समोरून न दिसणारी घडी अशा उजेडात सावली टाकते. दाबलेल्या नोटेत घडीची सावली जाते, पण तिच्या रेषेवर तुटलेली शाई तशीच राहते. ही विसंगतीच तिची खूण. शिवाय दाबलेला कागद किंचित चकाकतो, त्याची स्वाभाविक खरखर जाते.

तिसरा मागचा उजेड. पाटीवर ठेवल्यावर सुईची छिद्रं, बारीक चिरा, कागद पातळ झालेल्या जागा, आणि लगदा भरून बुजवलेली छिद्रं दिसतात. बँकेत गड्डी टोचून ठेवण्याच्या पद्धतीमुळे डाव्या बाजूला एक-दोन छिद्रं असणं साहजिक आहे. ती लपवलेली असणं साहजिक नाही. तारखेच्या किंवा क्रमांकाच्या आकड्यामागे कागद पातळ दिसला तर तो आकडा खरवडून बदललेला असू शकतो. भिंगातून तिथे धागे उभे राहिलेले दिसतील.

शेवटी अतिनील उजेड. जुना सुती चिंध्यांचा कागद त्याखाली मंद राहतो. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची रसायनं साधारण १९५०च्या सुमारास रुळली. म्हणून १९४१-४९च्या नोटेचा कागद निळसर-पांढरा झगमगत असेल तर दोनच शक्यता: कागद नवा आहे, किंवा नोट कपड्यांच्या पावडरने धुतली आहे. दोन्हीत नकार द्या. आधी खात्रीच्या नोटेवर टॉर्च मारा म्हणजे मंद म्हणजे किती मंद हे डोळ्याला कळेल. टॉर्च दोन-चार सेकंदच वापरा, आणि डोळ्यांकडे कधीही धरू नका.

नक्कल ओळखणं त्या मानाने सोपं. घरच्या प्रिंटरच्या छपाईत भिंगातून निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात. खऱ्या नोटेत रेषा सलग आणि एकसंध रंगाच्या असतात.

दर्जा

नोटा जमवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे १९६१पासूनच्या आयबीएनएसची, उतरंड बाजारात चालते, उत्तम दर्जाकडून खाली: यूएनसी, एयू, ईएफ, व्हीएफ, एफ, व्हीजी, जी. यूएनसी म्हणजे एकही घडी नाही. एयूला एखादी हलकी घडी किंवा हाताळणीची खूण चालते. व्हीएफला काही घड्या असतात पण कागद अजून ताठ असतो. एफमध्ये तो नरम पडलेला असतो. भारतीय विक्रेते एक पायरी वर लिहितात असं गृहीत धरा आणि स्वतः ठरवा.

पीएमजी, पीसीजीएस या कंपन्या ७०पैकी गुण देऊन नोट प्लास्टिकच्या पाकिटात बंद करतात. गुणांइतकंच शेरा वाचणं महत्त्वाचं आहे. पीएमजीचा ‘ईपीक्यू’ शेरा कागद मूळ स्थितीत असल्याचं सांगतो. तो नसलेली ५८ गुणांची चकाकती नोट आणि तो असलेली ४५ गुणांची किंचित मळकी नोट समोर असेल, तर आम्ही दुसरी घेऊ. पाकिटावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नोटेशी जुळवा. नोटेचा छापील क्रमांकही जुळलाच पाहिजे. पाकिटंही बनावट असतात.

हजार-दोन हजारांच्या नोटेला पाकीट करून घेऊ नका. शुल्क आणि टपाल मिळून नोटेइतका खर्च होतो.

किंमत आणि खरेदी

संकेतस्थळावर मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. भाव म्हणजे लिलावात प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत, आणि तीही त्याच तारखेच्या, त्याच दर्जाच्या नोटेची. अशा किमान तीन विक्री शोधा, सर्वांत जास्त आकडा बाजूला ठेवा आणि उरलेल्यांवरून अंदाज करा.

बोली लावताना पूर्ण खर्च धरा. समजा बोली ८,००० रुपयांवर थांबली आणि लिलाव संस्थेचं कमिशन २० टक्के आहे, तर ९,६०० इथेच झाले. त्यावर कर, टपाल, विमा, आणि माल बाहेरून येत असेल तर कस्टम. म्हणून आधी खिशातून जाणारी एकूण रक्कम ठरवा आणि तिच्यावरून उलट हिशोब करून बोली काढा. लिलावाच्या भरात हे गणित जमत नाही, ते आदल्या दिवशी कागदावर हवं.

खरेदीपूर्वी पुढचा, मागचा आणि पाठीमागून उजेड सोडलेला असे तीन फोटो मागा. तिसरा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. परत घेण्याची मुदत आणि अस्सलपणाची हमी बिलावर लिहून घ्या. परदेशी विक्रेत्याला पैसे बँकेच्या अधिकृत मार्गानेच पाठवा. पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा, कमी लिहिलेल्या किमतीवर हरवलेल्या पार्सलची भरपाईही कमीच मिळते.

बघून शिकायचं तर पुण्याचं कॉइनेक्स प्रदर्शन आणि मुंबईतल्या नाणे-नोटांच्या प्रदर्शनांना जा. खोक्यांतल्या नोटा हातात घेऊन पाहायला मिळतात, हे फोटोतून होत नाही. कोलंबोला जाणं झालंच तर फोर्ट भागातल्या चॅटॅम स्ट्रीटवरचं सेंट्रल बँकेचं आर्थिक इतिहासाचं संग्रहालय चुकवू नका. आणि उलट दिशेची काळजी: शंभर वर्षांहून जुनी नोट भारताबाहेर नेण्या-पाठवण्याआधी १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली परवानगी लागते का हे पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या.

जतन: कोकणातला पावसाळा धरून

पाकिटं फक्त पॉलिएस्टरची, मायलार किंवा मेलिनेक्स नावाने मिळणारी. पीव्हीसीचं पाकीट नाकाने ओळखता येतं, नव्या रेक्झिनसारखा वास येतो. त्यातली रसायनं पाझरतात आणि शाई पाकिटाला चिकटते. पाकीट नोटेपेक्षा दोन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोठं हवं. एका पाकिटात एकच नोट. लॅमिनेशन, सेलोटेप, स्टेपल, रबरबँड यांना संग्रहात जागा नाही. चीर गेलेली नोट चिकटवू नका, पाकीटच तिला धरून ठेवेल.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हे लक्ष्य ठेवा. ६५च्या वर बुरशी जागी होते, ३५च्या खाली कागद ठिसूळ होतो. ३०-४० लिटरच्या, रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात अल्बम आडवे ठेवा, सोबत २०० ते २५० ग्रॅम नारंगी सिलिका जेल कापडी पिशवीत आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग उतरला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून, थंड करून परत ठेवा. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट असतं.

आर्द्रतामापक खोटं बोलत नाही ना हे आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते जेमतेम ओलं होईल इतकंच पाणी घाला, मापकासोबत बंद पिशवीत ठेवा. बारा तासांनी आकडा ७५च्या आसपास हवा. तो ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात पाच मिळवा.

डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांची वाफ प्लास्टिक आणि कागद दोन्हींवर बसते. कसर लागू नये म्हणून डबा लाकडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. मुसळधार पावसाच्या दिवशी डबा उघडू नका. उघडावाच लागला तर वातानुकूलन अर्धा तास आधी सुरू करा.

नव्याने आलेली नोट लगेच अल्बममध्ये घालायची नाही. दोन आठवडे वेगळ्या पाकिटात, वेगळ्या डब्यात. बुरशीचा ठिपका जिवंत असेल तर भिंगातून केसाळ दिसतो आणि वाढतो. तसं दिसलं तर जेल घातलेल्या डब्यात नोट आठवडाभर कोरडी होऊ द्या, मग मऊ कुंचल्याने बाहेरच्या बाजूला एकाच दिशेने हलके झाडा. पाणी, खोडरबर, ब्लीच काही नाही. डाग राहील, तो राहू द्या.

नोंदवही

प्रत्येक नोटेला एक ओळ: पिक क्रमांक उपप्रकारासह, मूल्य, तारीख, सह्या, पूर्ण क्रमांक, तुम्ही ठरवलेला दर्जा, दोष (छिद्रं किती, घड्या कुठे), कोणाकडून, कधी, एकूण किती पैशांत. पुढचा-मागचा भाग ६०० डीपीआयवर स्कॅन करा, स्कॅनरचं आपोआप रंग सुधारणं बंद ठेवून. एक प्रत घराबाहेर ठेवा. दर दोन वर्षांनी तीच नोट त्याच मापांवर पुन्हा स्कॅन करून जुन्या चित्राशेजारी लावा. ठिपका वाढतोय, रंग उडतोय, पाकिटाचा ठसा उमटतोय हे डोळ्याला कळण्याच्या बरंच आधी या तुलनेत कळतं, आणि तेव्हा पाकीट किंवा जागा बदलायला वेळ असतो.